फरशीखाली निघालं ते भुयार की पेव?

प्रश्न : जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात माजघराची फरशी दबली. उचलून पाहिली तर खाली खोल पोकळी. तोंड जेमतेम दोन फूट, आत मात्र अंधारच अंधार. हे भुयार थेट गोदावरीच्या घाटावर निघतं, असं शेजारचे आजोबा सांगतात. मुलं उतरायला उतावीळ झाली आहेत. काय करावं?

उत्तर : आधी मुलांना आवरा. फरशी दबली याचा अर्थ कडेची माती आत ढासळते आहे, तेव्हा तोंडापासून चार-पाच फुटांत कोणी फिरकू नये.

वर्णनावरून हे पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा, दिसतं. पंचवटीतल्या सीतागुंफेत वाकून उतरलेल्या माणसाला आपल्याही वाड्याखाली वाट असावीशी वाटते, ते ठीक. पण पेवाला पुढे वाट नसते. आकार सुरईसारखा, तोंड लहान, पोट रुंद. भिंतीला शेणमातीचा लेप, तळाशी कडब्याचं किंवा भुशाचं कुजकं अस्तर दिसलं तर शंका नको. बघायला उतरावं लागत नाही. बॅटरी आणि मोबाइल दोरीला बांधून सोडा, चित्रण वर घेऊन पाहा.

पेवांनी जीव घेतले ते हवेमुळे. बंद पेवात धान्य आणि कीड दोन्ही श्वास घेतात. प्राणवायू संपतो, कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) साठतो, कीड मरते, धान्य टिकतं. त्याच हवेत माणूस उतरला की कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेव वर्षानुवर्षं रिकामं असलं तरी कुजकं भूस आणि गटाराचा पाझर तेवढ्याला पुरतो, आणि हवेच्या दीडपट जड कर्बवायू तळाशी बसून राहतो.

कंदील सोडून बघायची जुनी रीत फसवी आहे. ज्योत तेवत असतानाही कर्बवायू बेशुद्ध करण्याइतका असू शकतो; गटाराचा वायू साठला असेल तर भडकाच. त्याऐवजी वायू मोजणारा मीटर दोरीने तळापर्यंत सोडावा. मोकळ्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांहून कमी भरला तर आत उतरायचं नाही. नेहमीच्या चार वायूंच्या मीटरला कर्बवायू कळत नाही, त्याचा सेन्सर वेगळा मागून घ्या; कर्बवायू ०.५ टक्क्याच्या आत हवा. ब्लोअरच्या नळीचं तोंड तळापासून फूटभर वर ठेवा, नुसतं वरून वारा घातल्याने तळ हलत नाही. पेट्रोलचा जनरेटर जवळ नको, त्याचा धूर आत उतरतो. कोणी पडलंच तर मागोमाग उतरू नका, १०१ ला फोन करा.

बुजवताना राडारोडा ओतू नका. पोकळ्या राहतात आणि दोन पावसाळ्यांत फरशी पुन्हा बसते. गोदाकाठच्या काझीच्या गढीचा, त्या जुन्या मातीच्या टेकाडाचा, कडा पाणी मुरून कसा सुटतो, ते नाशिककरांना सांगायला नको. आधी गळकी मोरी, नळ दुरुस्त करा. मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, ओलसर करून, धुम्मसाने चोपत वर आणा. पेव भिंतीच्या पायाला लागून असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : पेवात गुप्तधन असल्याचं सांगून एक मांत्रिक पूजा मागतो आहे.

उत्तर : त्याला दारातूनच परत पाठवा. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. खरोखरच काही सापडलं आणि किंमत १० रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. बहुतेक पेवांत निघतं ते भूस.