काकांच्या पेटीत १८८९, १९२१ आणि १९२२ चे अमेरिकन चांदीचे डॉलर सापडले. त्यांची किंमत कशी ठरवायची?

आधी एक कळकळीची विनंती: नाणी घासू नका. चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर नकोच. माझ्या पहिल्या मॉर्गन डॉलरवर (तुमच्या १८८९ च्या नाण्याचा हाच प्रकार, एका बाजूला लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा चेहरा, दुसरीकडे गरुड) सुंदर निळसर-सोनेरी झाक होती. दिवाळीत देवाच्या चांदीच्या भांड्यांबरोबर मी तोही लख्ख केला. पुढे विकायला नेला, तेव्हा दुकानदाराने भिंगातून ओरखडे पाहिले आणि फक्त चांदीचा भाव दिला. त्याची हळहळ मला आजही वाटते.

'सर्वांत जुनं तेच सर्वांत महाग असेल ना?' असं तुम्ही विचारलंय. तसं नसतं. किती नाणी पाडली, त्यांतली किती वितळली आणि उरलेली कोणत्या अवस्थेत आहेत, यावर भाव ठरतो. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकन सरकारने २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. शिल्लक राहिलेल्यांतले काही म्हणून दुर्मिळ आहेत. तुमचा १९२२ चा 'पीस' डॉलर (मॉर्गननंतरचा प्रकार) मात्र फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ५ कोटींहून अधिक पाडला गेला होता. १९२१ चा मॉर्गनही तिथे साडेचार कोटींच्या आसपास. हे दोन्ही बाजारात सहज मिळतात.

खरी उत्सुकता मला तुमच्या १८८९ च्या नाण्याची आहे. ते उलटं करा. गरुडाखाली पानांची माळ आहे, तिच्या गाठीखाली, 'डॉलर' शब्दाच्या जरा वर, टांकसाळीचं बारीक अक्षर दिसतं का ते पाहा. काहीच नसेल तर नाणं फिलाडेल्फियाचं, म्हणजे दोन कोटींहून जास्तांपैकी एक. 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. आणि 'सीसी' असेल तर ते नेवाडातल्या कार्सन सिटीचं. तिथे त्या वर्षी जेमतेम साडेतीन लाख नाणी पाडली गेली. साल तेच, चेहरा तोच, पण झिजलेल्या 'सीसी'लाही साध्या नाण्याच्या कित्येक पट भाव येतो.

किमान किंमत काढणं सोपं आहे. या प्रत्येक डॉलरचं मूळ वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. म्हणजे साधारण ०.७७ ट्रॉय औंस (मौल्यवान धातूंचं माप, सुमारे ३१.१ ग्रॅम) चांदी. चांदीचा ट्रॉय औंसाचा त्या दिवशीचा भाव घ्या आणि ०.७७ ने गुणा. दुकानदार यापेक्षा थोडं कमीच देईल.

झीज बघायला मॉर्गनवरच्या लिबर्टीच्या कानावरचे केस आणि गरुडाची छाती पाहा. न्यू ऑर्लिन्सचे ठसे बरेचदा फिकेच उमटत, तेव्हा तिथल्या नाण्यावर छाती सपाट दिसली म्हणून लगेच झीज धरू नका. गालावरचे बारीक टोचेही नाणी पोत्यांत एकमेकांवर आदळून पडलेले असतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ती दिसली तर नाणं कडेने धरा, बोट लावू नका.

भाव बघताना ईबेवर विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नका, खरोखर विकल्या गेलेल्या नाण्यांची पाहा. साध्या १९२१ आणि १९२२ साठी नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राचा खर्च करू नका, बहुधा तो वसूल होणार नाही. पण १८८९ वर 'सीसी' दिसलं तर विकण्याआधी पीसीजीएस किंवा एनजीसी या अशा संस्थांकडे तपासून घ्याच. साध्या नाण्यावर अक्षरं चिकटवणारे नकली कारागीर जुने आहेत, आणि तिथे वजन, चांदी सगळं खरंच भरतं.