‘डायरेक्ट कन्व्हर्जन’मध्ये रूपांतर कशाचं?

प्रश्न असा आहे : हौशी रेडिओवरच्या लेखात ‘डायरेक्ट कन्व्हर्जन मायक्रोवेव्ह रिसीव्हर’ला ‘थेट रूपांतरण सूक्ष्मतरंग ग्राही’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘फेज’ला, म्हणजे तरंग आपल्या फेऱ्यात कुठवर आला त्याला, ‘कला’?

‘सूक्ष्मतरंग’ आणि ‘ग्राही’ चालतील, जरी बोलताना सगळे रिसीव्हरच म्हणतात. माझं भांडण ‘रूपांतरण’शी आहे. (ते शेवटचं ‘ण’ तर नकोच. मराठीला ‘रूपांतर’ पुरतं.) सुरवंटाचं फुलपाखरू होतं, ते रूपांतर. इथे संदेशाचं रूप तेच राहतं, तो नुसता खाली उतरतो. 10368.1 मेगाहर्ट्झवर कुणी मोर्स पाठवतोय आणि आपला ऑसिलेटर (रिसीव्हरमधला, स्वतःचा तरंग निर्माण करणारा भाग) त्याच्या 700 हर्ट्झ खाली ठेवला, तर दोन्ही तरंग मिसळणाऱ्या मिक्सरमधून निघतो तो दोहोंतला फरक : 700 हर्ट्झची शिट्टी, सरळ कानात. नेहमीच्या सुपरहेटरोडाइन रिसीव्हरमध्ये वाटेत एका मधल्या वारंवारतेवर मुक्काम असतो, तो इथे गाळलेला. म्हणून ‘थेट’ चपखल.

मग ‘पट्टी उतरवणे’वरून काही घडवावं का? मलाही मोह झाला होता. पण पट्टी उतरवताना सगळे स्वर एकाच प्रमाणात खाली येतात, मिक्सर मात्र सगळ्यांतून एकच आकडा वजा करतो. एक भागाकार, दुसरी वजाबाकी. सिंगल साइडबँडवर (रेडिओवरून बोलणं पाठवायच्या एका पद्धतीत) ऑसिलेटर दोनशे हर्ट्झ चुकवून पाहा : माणूस खालच्या पट्टीत बोलत नाही, बदकासारखा बोलतो.

कुणी ‘समवारंवारता ग्राही’ सुचवेल, कारण ऑसिलेटर आणि संदेश जवळपास एकाच जागी असतात. मायक्रोवेव्हवर तेच गोत्यात आणतं. ऑसिलेटरची गळती अँटेनातून बाहेर पडते, परतून येते आणि स्वतःशीच मिसळून गुणगुण करते. त्यावर तोड म्हणजे दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उलटसुलट जोडलेला मिक्सर. रशियातल्या व्लादिमीर पोल्याकोव यांनी हौशी मंडळींमध्ये रुजवलेला. तो ऑसिलेटरच्या वारंवारतेची दुप्पट वजा करतो, म्हणून त्यात ऑसिलेटर निम्म्यावर, 5184 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. ‘सम’ गेलं, ‘थेट’ राहिलं. मी ‘थेट-उतार रिसीव्हर’ लिहीन.

‘कला’ मात्र मला फार आवडतो. चंद्राच्या कला त्याच अर्थाच्या : फेऱ्यात आपण कुठवर आलो, ते सांगणाऱ्या. नको असलेली बाजू (तेवढ्याच फरकावरची पलीकडची वारंवारता, जी तीच शिट्टी देते) खोडायला या रिसीव्हरमध्ये दोन मिक्सर लावतात आणि त्यांच्यात 90 अंशांचा कलाफरक ठेवतात. 10368 मेगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम 29 मिलिमीटर, म्हणजे हवेतल्या वाटेत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला की 12 अंश हुकले. सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवर तर तरंग आणखी आखूड, चूक आणखी मोठी. तेवढ्याने खोडायची बाजू पुसट का होईना, ऐकू यायला लागते.

तिथे ‘कलेत चूक झाली’ असं मात्र लिहू नका, वाचकाला चित्रकार आठवेल. ‘कलाफरक चुकला’ म्हणा.