उंदराशी बोलणारा कवी

प्रश्न : स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स हा अशिक्षित शेतकरी होता आणि इंग्रजी येत नसल्यामुळेच त्याने स्कॉट्स या स्कॉटलंडच्या लोकभाषेत लिहिले, असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. २५ जानेवारी १७५९ रोजी स्कॉटलंडमधील अ‍ॅलोवे गावी जन्मलेला बर्न्स कोवळ्या वयातच शेतीच्या कष्टांना जुंपला गेला, हे खरे. परंतु त्याच्या वडिलांनी शेजाऱ्यांच्या साथीने शिक्षक ठेवून मुलांना उत्तम इंग्रजी शिकवले होते.

त्याची १७८५ सालची उंदरावरील कविता पाहावी. नांगराखाली उंदराचे घरटे उद्ध्वस्त होते, आणि पाल्याचा व धसकटांचा तो इवला ढीग कुरतडून जमवताना त्या जिवाला किती श्रम पडले असतील, याने कवी कळवळतो. उंदराला तो घरच्या स्कॉट्समध्ये हाक मारतो. मनुष्याच्या सत्तेने निसर्गाशी असलेले नाते तोडले याबद्दल खेद व्यक्त करताना मात्र इंग्रजीत शिरतो. दोन्ही भाषांवर हुकमत असल्याखेरीज हे साधत नाही.

१७८६ साली किल्मारनॉक येथे निघालेल्या पहिल्या संग्रहाच्या ६१२ प्रती हातोहात खपल्या आणि जमैकाला जाण्याचा त्याचा बेत रहित झाला. तेथील ज्या मळ्यावर तो नोकरीस निघाला होता, तो गुलामांच्या श्रमावर चालत असे, हेही सांगितलेच पाहिजे.

पुढे अबकारी खात्यात नोकरी करत त्याने शेकडो गीते जमवली, सुधारली, नव्याने रचली, आणि तीही जवळजवळ विनामोबदला. नववर्षाच्या स्वागताला गायले जाणारे ‘ऑल्ड लँग साइन’ हे त्यांपैकीच एक. २१ जुलै १७९६ रोजी डम्फ्रीस येथे तो वारला, तेव्हा अवघा ३७ वर्षांचा होता.