तानपुऱ्याची किंमत मांडताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

मिरजेच्या तंतुवाद्यांवरच्या तुझ्या अभ्यासाचा आराखडा वाचला. 'आर्थिक मूल्य' या मथळ्याखाली तू फक्त विक्रीचा आकडा धरला आहेस. तो तूर्त बाजूला ठेव आणि एक तानपुरा कुणाकुणाच्या हातून जातो, ते लिहून काढ. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा शेतकरी खाण्यासाठी नव्हे, वाद्यासाठी कडू भोपळा पिकवतो. तो वाळवायचा, निवडायचा, कापायचा. मग तुणीच्या लाकडाची दांडी, नक्षी, पॉलिश. आणि शेवटी जवारी: तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीचा माथा कणाकणाने घासत राहायचं, तार बोलू लागेपर्यंत. हे काम हातापेक्षा कानाचं, म्हणून शिकायला वर्षं जातात. त्या वर्षांत शिकणाऱ्या पोराच्या घरची चूल कशावर पेटते? तुझ्या अभ्यासाचा पहिला प्रश्न हा हवा, कारण वाद्याच्या किमतीत ही वर्षं कोणी धरतच नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण मानांकन नाव राखतं, मजुरी वाढवत नाही. गाणं शिकणाराच मोबाइलवर तानपुरा लावून बसला, तर कारागिराकडे जाणार कोण? तेव्हा ज्यांना भेटणार त्यांच्या यादीत गायनाचे क्लासही घे.

सामाजिक मूल्यावर तू चार ओळी लिहिल्यास, त्या फार थोड्या झाल्या. हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतार घडवू लागले आणि गावाची ओळखच पालटली. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते गेल्यावर त्यांचं दफन मिरासाहेबांच्या दर्ग्यातच झालं. आजही उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. कुठल्याही धर्माचा गायक तिथे हजेरी लावणं हा मान समजतो. याला रुपये लावायचा प्रयत्न करू नकोस. असा आकडा काढणाऱ्यांचे अहवाल मी वाचले आहेत; उद्या आकडा घसरला की त्याच तर्काने अनुदान बंद करता येतं. त्यापेक्षा स्वतंत्र प्रकरण कर आणि तिथल्या माणसांच्या तोंडून लिही.

जमलं तर उरुसाच्या दिवसांतच जा. दिवसा सतारमेकर गल्लीत बस, रात्री गाणं ऐक. निघण्याआधी प्रश्नावली मला पाठव, शिकाऊ मुलांची सगळ्यात आधी.

तुझा,
सर