सायकल चालवून पाठ दुखते तर आधी सीट बघ भाऊ

भाऊ, नवी सायकल घ्यायची घाई नको, आणि ते जाड जेलचं सीट कव्हर तर राहूच दे, सगळे आधी तेच घेतात.

पहिलं सीट. भिंतीला धरून बस, टाच पेडलवर, पेडल पार खाली गेलं की पाय सरळ व्हायला हवा, मग चवड्याने मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. जास्त उंच केली की कंबर डुलते आणि तिथूनच दुखणं सुरू.

मग हँडल सीटच्या बरोबरीला नाहीतर जरा वर. होत नसेल तर मेकॅनिकला स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा भाग, बदलायला सांग.

एका वेळी एकच बदल, जुन्या जागी मार्करची खूण, अन् मेहरूण तलावाकडे एक चक्कर.

पायात मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर, सायकल नंतर.