जुनी कमांड शोधावी कशी?

प्रश्न : सातपूरच्या एका कारखान्यात मी संगणकांची देखभाल पाहतो. लिनक्सवर बॅकअपसाठी आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमची लांबलचक कमांड थोड्याफार फरकाने रोज द्यावी लागते. वरचा बाण दाबून ती शोधण्यात वेळ जातो आणि कधीकधी आदल्या दिवशीची कमांड सापडतच नाही. असे का होते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वरचा बाण मागच्या चार-पाच ओळींपुरताच कामाचा आहे. बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर कमांड स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कंट्रोल धरून आर दाबावे आणि कमांडमधला आठवेल तो तुकडा, उदाहरणार्थ फोल्डरचे नाव, टाइप करावा. तो तुकडा असलेली सर्वांत अलीकडची ओळ समोर येते आणि पुन्हा कंट्रोल-आर दाबल्यास त्याआधीची. हवी ती ओळ दिसली की एंटर दाबण्याचा मोह आवरावा, कारण एंटरने ती जशीच्या तशी चालते. उजवा बाण दाबल्यास मात्र ती दुरुस्तीसाठी हाती येते. मग कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला नेते, कंट्रोल-ई शेवटी, आणि कंट्रोल-डब्ल्यू कर्सरच्या मागचा शब्द पुसते.

उद्गारचिन्हाला जोडून आरसिंक लिहिल्यास त्या शब्दाने सुरू होणारी शेवटची कमांड आधी न विचारताच चालू होते. आपल्या कमांडमध्ये डिलीटचा पर्याय असेल, तर हा मार्ग मी सुचवणार नाही. चुकीची ओळ चालली तर बॅकअपमधल्याच फाइली जायच्या.

आता हरवलेल्या कमांडविषयी. बॅश दिलेल्या कमांडची यादी मेमरीत ठेवते आणि खिडकी बंद होताना फाइलमध्ये लिहिते, त्यामुळे अचानक वीज गेली तर त्या बैठकीतले काहीच उरत नाही. महत्त्वाची कमांड दिल्यावर ‘हिस्ट्री -ए’ दिल्यास ती तेव्हाच फाइलमध्ये जाते. दोन खिडक्या उघड्या असतील, तर शेवटी बंद झालेली खिडकी आधीच्या फाइलवर आपली यादी लिहू शकते. ‘हिस्टअपेंड’ची सोय चालू असल्यास ती शेवटी जोडली जाते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात ही सोय आधीपासून असते, शिवाय मेमरीत 1000 आणि फाइलमध्ये 2000 ओळींची मर्यादाही. मूळ बॅशमध्ये ती 500 आहे.

आणखी एक शक्यता तपासावी. आपण कमांड दुसरीकडून कॉपी करून चिकटवत असाल आणि तिच्यापुढे एखादी स्पेस आली असेल, तर उबुंटूच्या मूळ मांडणीत अशी ओळ यादीत नोंदलीच जात नाही.