वाचकांचे प्रश्न : शहराची वेस, गावाची शीव

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न शहराच्या कडेच्या पट्ट्यातले आहेत. तिथे शेती अजून टिकून आहे आणि इमारतीही थांबायला तयार नाहीत. गावाकडून माती, पाणी, जमीन आणि भाजीपाला शहराकडे जातो, हे सगळ्यांनाच दिसते. उलट दिशेने काय येते आणि कोणत्या स्थितीत येते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. म्हणून खालच्या उत्तरांत आकडेमोड जरा जास्त आहे.

प्रश्न : आमची वस्ती कागदावर गाव आहे, पण निम्मी माणसे रोज शहरात कामाला जातात. शहर कुठे संपते, हे ठरवायची काही सर्वमान्य रीत आहे का?

आहे. देशादेशांची तुलना करता यावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२० मध्ये एक पद्धत मान्य केली. नकाशावर एक चौरस किलोमीटरच्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीतली माणसे मोजायची. दर चौकटीत किमान १,५०० माणसे असलेल्या, एकमेकींना लागून असलेल्या चौकटी मिळून ५०,००० लोकसंख्या भरली की ते शहर. चौकटीत किमान ३०० आणि एकूण किमान ५,००० भरली तर नगर किंवा निमशहरी वस्ती. उरलेला भाग ग्रामीण. प्रशासकीय हद्द यात धरतच नाहीत.

रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी वेगळे माप आहे : नोकरी करणाऱ्यांपैकी १५ टक्के किंवा जास्त लोक एखाद्या शहरात कामाला जात असतील, तर तो भाग त्या शहराच्या प्रभावक्षेत्रात मोडतो. तुमच्या वस्तीने दोन्ही मोजण्या कराव्यात, कारण प्रत्येक सोयीची हद्द वेगळी असते. गटाराची वाहिनी दाटीवर ठरवावी, बस ये-जा पाहून आणि पाणी पाणलोटानुसार. एकच रेघ मारून तिन्ही ठरवायला गेले की कडेच्या वस्त्या तिन्हींतून सुटतात.

प्रश्न : शहरातल्या ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून घेतले. पिके पिवळी पडली, शिवाय शेतात काचा निघाल्या. पुन्हा घ्यावे का?

घ्यावे, पण अटी घालून. तुमच्या दोन्ही तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत.

पिवळेपणा बहुधा कच्च्या खतामुळे आला. खतात कर्ब जास्त आणि नत्र कमी असले, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ३० च्या वर असले, तर ते कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि पिकाला तो मिळत नाही. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली असतील तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी. खत पक्के झाले की हे गुणोत्तर २० च्या खाली येते. प्रयोगशाळा जवळ नसेल तर दोन सोप्या चाचण्या आहेत. ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास किंवा अमोनियाचा झणका आला तर ते कच्चे. दुसरी चाचणी : एक भाग खत दहा भाग पाण्यात कालवून गाळून घ्या. एका कागदावर ते पाणी आणि दुसऱ्यावर साधे पाणी शिंपडून दोन्हींवर मुळ्याचे किंवा मोहरीचे वीस-वीस दाणे पसरा. तीन दिवसांनी खताच्या पाण्यावरचे मोड स्पष्टपणे कमी किंवा आखूड दिसले, तर गाडी परत पाठवा.

काचांची गोष्ट निराळी. मिसळलेल्या कचऱ्यातली बारीक काच चाळणीच्या भोकांतून खताबरोबरच खाली उतरते. बॅटऱ्या आणि रंगाच्या डब्यांतले जड धातू तर कोणतीच चाळण अडवत नाही, आणि एकदा मातीत गेले की ते तिथेच राहतात. यावर उपाय एकच : कचरा घरातच वेगळा व्हायला हवा. प्रकल्पावर निवडून घेतलेला कचरा आणि मुळात वेगळा गोळा केलेला कचरा यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. खत विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा.

प्रकल्प पाहायला गेलात तर लांब ढिगांची उंची दीड ते दोन मीटर असावी. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात उष्णता टिकत नाही आणि फार उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. ओलावा ५० ते ६० टक्के हवा. मूठभर माल आवळला तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नव्हे. रोगजंतू मारण्यासाठी अशा ढिगांना ५५ अंश सेल्सिअस किंवा जास्त तापमान १५ दिवस लागते आणि त्या काळात निदान पाच वेळा पलटी द्यावी लागते. अमेरिकेत मैल्याच्या कंपोस्टला हाच नियम लावतात. पलटी चुकली की बाहेरचा थर कधी तापतच नाही आणि जंतू व तणांचे बी तिथेच तग धरतात. तापमान ७० च्या पुढे गेले तर कुजवणारे जिवाणूच मरतात. म्हणून प्रकल्पात रोजच्या तापमानाची नोंदवही असायलाच हवी. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर समजून घ्या. तापायचा काळ संपल्यावर आणखी महिनाभर खत मुरू द्यावे लागते. जागा कमी पडते म्हणून नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि तुमच्या पिकांचा पिवळेपणा बहुधा तिथूनच आला आहे.

अपेक्षाही नीट ठेवा. ३० टक्के ओलावा आणि कोरड्या वजनात एक टक्का नत्र असलेल्या १० टन खतात ७० किलो नत्र असतो. त्यातला पहिल्या वर्षी पिकाला साधारण दहा-वीस टक्केच, म्हणजे ७ ते १४ किलो मिळतो. हे खत नत्रासाठी नाही, मातीतला सेंद्रिय कर्ब वाढवण्यासाठी आहे. पाणी धरून ठेवण्याची ताकद त्यानेच येते. वाहतूक परवडावी म्हणून भाजी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांतून खत आणता येते, मात्र ते बंद पोत्यांत असावे आणि पुढच्या फेरीआधी गाडी धुतली जावी.

प्रश्न : शहराच्या नाल्याचे पाणी आमच्या शेतांवर येते. बाराही महिने पाणी मिळते, ते सोडवत नाही. पालेभाजी पिकवली तर चालेल का?

कच्च्या मैलापाण्यावर पालेभाजी नको. पण पाणी सोडून द्या, असेही आम्ही म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनाचा गाभा असा : सगळा भार एकट्या शुद्धीकरण केंद्रावर टाकू नका, अडथळे एकापुढे एक उभे करा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीसाठी जंतू एकूण दहा लाख पटींनी कमी व्हायला हवेत. शुद्धीकरणाने ते हजार पटींनी घटले, शेवटचे पाणी आणि काढणी यांत काही कोरडे दिवस ठेवून आणखी शंभर पटींनी, आणि स्वच्छ पाण्याने धुऊन दहा पटींनी, तर हिशेब पुरा होतो. जमिनीलगतच्या पिकाला ठिबकने पाणी दिले तर शंभर पटींचा अडथळा आणखी मिळतो. गाजर-मुळ्यासारखी कंदपिके याहून जोखमीची असतात. शिजवून खायच्या पिकांना आणि झाडांना सर्वांत कमी धोका.

जंताच्या अंड्यांना मात्र ही रीत लागू पडत नाही. ती मातीत महिनोन्‌महिने जगतात, दोन-चार कोरड्या दिवसांनी त्यांना काही होत नाही. ती तळाशी बसवूनच काढावी लागतात, म्हणजे पाणी तळ्यांत थांबवावे लागते. नेहमीची रचना तीन तळ्यांची असते. पहिले दोन ते पाच मीटर खोल, दुसरे एक ते दोन मीटर आणि शेवटचे सुमारे एक मीटर, म्हणजे ऊन तळापर्यंत पोचते. लीटरभर पाण्यात एकाहून जास्त अंडे नसावे, ही मर्यादा आहे. गाळ वेळेवर काढला नाही तर पाणी तळ्यातून लवकर बाहेर पडते आणि अंडीही त्याबरोबर निघून जातात. वाफ्यांत मुले अनवाणी वावरत असतील तर याकडे सर्वांत आधी लक्ष द्या.

आणखी एक चूक सर्रास होते. मैलापाण्यात लीटरला ४० मिलिग्रॅम नत्र असला आणि हंगामात ५०० मिलिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी ५,००० घनमीटर पाण्यातून २०० किलो नत्र पडतो. त्यावर पुन्हा युरिया टाकला की पीक माजते, लोळते, उशिरा तयार होते आणि उरलेला नत्र विहिरीत उतरतो. पाण्याची तपासणी करून खताची मात्रा तेवढी कमी करा. नाल्याला कारखान्यांचे पाणी मिळत असेल तर वरचे सगळे हिशेब बाद. ते पाणी आधी वेगळे काढायला लावा.

प्रश्न : विकासासाठी आमच्या ६० हेक्टरचे एकत्रीकरण करून भूखंड परत देणार आहेत. सही करण्याआधी काय पाहावे?

ही पद्धत जुनी आहे. फ्रांकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या प्रयत्नांतून १९०२ मध्ये तिथे तिचा कायदा झाला. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सोयींसाठी वाटा काढायचा, खर्च भागवायला काही जमीन विकायची आणि बाकीची नीट आखून मूळ मालकांना परत द्यायची. जमीनमालकांना गाव सोडावे लागत नाही, म्हणून सरसकट संपादनापेक्षा आम्ही हिलाच पसंती देऊ.

आकडे असे तपासा. समजा रस्त्यांना १८ टक्के, मोकळ्या जागांना १०, शाळा-दवाखान्याला ५, अल्प उत्पन्न गटाच्या घरांना ५ आणि विक्रीला १२ टक्के गेले. मग परत ५० टक्के येते आणि दोन हेक्टरवाल्याला एक हेक्टर मिळते. कपात ऐकून घाबरू नका, फारच कमी असली तर मात्र सावध व्हा. तेव्हा बहुधा रस्ते अरुंद ठेवलेले असतात किंवा गटाराचे पैसे धरलेले नसतात.

सर्वांत आधी मोजणी. सात-आठ पिढ्यांच्या वाटण्यांत कागद आणि बांध जुळत नाहीत, आणि हा घोळ आखणीनंतर उघड झाला तर योजना वर्षानुवर्षे अडते. त्यानंतर ओढे आणि उतार नकाशावर घ्या. रस्ते त्यांच्या नंतर. ओढ्यावर रस्ता आखला की पहिल्याच मोठ्या पावसात ओढा घरांत शिरतो. विक्रीची जमीन शेवटी विकावी. सोयी होण्याआधी विकली तर भाव पडतो, पैसे अपुरे पडतात आणि गटार अर्धवट राहते.

ज्यांना शेती करायची आहे त्यांनी सहीपूर्वीच लेखी मागणी करावी की आमचे भूखंड बाहेरच्या कडेला, एकमेकांना लागून आणि पाटाला धरून द्या. इमारतींच्या मध्ये अडकलेल्या एकट्या वाफ्याला ना पाणी पोचते, ना ट्रॅक्टर. ज्यांच्या वाट्याला किमान आकाराहून लहान तुकडा येतो त्यांना संयुक्त भूखंड मिळावा, फक्त रोख रक्कम नव्हे. कुळे आणि शेतमजूर जमिनीचे मालक नसतात, म्हणून योजना त्यांना बहुधा काहीच देत नाही. ही या पद्धतीतली सर्वांत मोठी उणीव आहे. त्यांची यादी मोजणीच्याच दिवशी करून अल्प उत्पन्न गटाच्या घरांत त्यांना पहिला हक्क द्यावा, आणि तो ठरावात लिहून घ्यावा.

प्रश्न : गावातून बस आहे, पण ती स्थानकात पोचते तेव्हा शहराची गाडी सुटलेली असते. जादा बस मागावी का?

आधी वेळा जुळवून मागा. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर तालबद्ध वेळापत्रक आणले : दर तासाला त्याच मिनिटाला गाडी. तुमच्या स्थानकात शहराची गाडी तासाला सुटत असेल तर सगळ्या गावांच्या बस पाच-दहा मिनिटे आधी याव्यात आणि शहरातून आलेली गाडी पोचल्यावर पाचेक मिनिटांनी निघाव्यात.

अडचण फेरीच्या वेळेत असते. एकेरी प्रवास २५ मिनिटांचा असेल तर जाऊन-येऊन ५० आणि थांबा १०. एकच बस दिवसभर तासाची फेरी सांभाळते. प्रवास ३२ मिनिटांचा झाला की फेरी ६४ मिनिटांची होते आणि त्याच सेवेला दुसरी बस लागते. अशा वेळी वाटेतला एखादा वळसा काढून टाकणे नव्या बसपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. वळशावरच्या लोकांना मुख्य रस्त्यापर्यंत सावलीची, दिव्यांची पायवाट मात्र द्यायला हवी. दहा मिनिटांचा थांबा कापू नका. तो कापला की सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत प्रत्येक फेरीत साठत जातो आणि शेवटची जोडगाडी हमखास चुकते.